सिलिंडर घेण्याआधी टाकीतले पाणी तपासा

बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकलेल्यांना हायड्रिलाचा प्रयोग आठवत असेल. चंचुपात्रात पाणी, त्यात हायड्रिलाच्या फांद्या, फांद्यांवर पालथे नरसाळे, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी आणि ही सगळी मांडणी उन्हात. थोड्या वेळात बुडबुडे वर येऊ लागतात आणि पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की त्यांचा वेग वाढतो. ऊन तेवढेच, झाड तेच. वाढतो तो फक्त कार्बनचा पुरवठा. पाण्याखाली वाढणाऱ्या झाडाला कार्बनची चणचण असते आणि ती भागवली की झाड जोमाने वाढते, एवढी गोष्ट हा प्रयोग निर्विवाद सिद्ध करतो. घरात दीड-दोन फुटी काचेच्या टाकीत पाणझाडे लावणाऱ्याला दुकानदार, व्हिडिओ आणि जाणकार मित्र जो सल्ला देतात, तो याच सत्यावर उभा असतो: झाडे नीट वाढवायची असतील तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बसवा. सल्ल्याचा पाया खरा आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. झाडाला कार्बन लागतोच. तो सिलिंडरमधूनच आला पाहिजे असे नाही. बुलढाणा जिल्ह्यातले पाणी, इथला उन्हाळा आणि लहान टाकीचा स्वभाव या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या, तर बहुतेक घरांसाठी उत्तर ‘गॅस नको’ असे येते. ते का, आणि कोणत्या थोड्या टाक्यांसाठी ‘हवा’ असे येते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

पहिल्यांदा कार्बनची चणचण किती खरी आहे ते पाहू. आज हवेत दहा लाख कणांमागे ४२० हून थोडे अधिक कण कार्बन डायऑक्साइडचे आहेत. अशा हवेशी समतोल साधलेल्या २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हा वायू लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. पाणी तापले की प्रमाण आणखी घटते. ३५ अंशांना ते अर्ध्या मिलिग्रॅमवर येते. त्यात भर म्हणजे पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. त्यामुळे पानाला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातला वायू झाडाने घेतला की तो पुन्हा भरून यायला वेळ लागतो. सिलिंडर वापरणारे हौशी लोक टाकीत लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅमचे लक्ष्य ठेवतात, म्हणजे हवेतून मिळते त्याच्या तीस ते पन्नास पट. एवढी तफावत पाहिली की सिलिंडरशिवाय झाड जगतेच कसे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

पण टाकीतले पाणी म्हणजे नुसते हवेशी समतोल साधलेले पाणी नव्हे. मासे श्वास सोडतात. गाळणीतले आणि तळातल्या मातीतले जीवाणू सडकी पाने, उरलेले खाद्य, विष्ठा यांचे विघटन करतात आणि त्यातून रात्रंदिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. म्हणून चांगल्या स्थिरावलेल्या, मातीचा थर असलेल्या टाकीत हवेच्या कित्येक पट वायू आढळू शकतो. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात हीच दिशा दाखवली: तळाशी साध्या मातीचा पातळ थर, त्यावर वाळू, माफक प्रकाश, भरपूर वाढणारी झाडे आणि सिलिंडर अजिबात नाही. त्या पद्धतीच्या टाक्या जगभर चालू आहेत. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी लोकप्रिय केलेल्या, पाण्याखालच्या बागेसारख्या देखण्या टाक्या हे दुसरे टोक; तिथे तीव्र प्रकाश आणि वायूचा नियमित पुरवठा हा पद्धतीचा गाभा आहे. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. अडचण होते ती दुसऱ्या वाटेवरचे चित्र पाहून पहिल्या वाटेवरच्या टाकीत सिलिंडर बसवला जातो तेव्हा.

आपल्या टाकीत वायू किती आहे हे अंदाजाने सांगण्याची गरज नाही, ते मोजता येते. टाकीतले पेलाभर पाणी काढून हवेशीर जागी ठेवावे आणि एअर पंपाची नळी सोडून त्यात दिवसभर हवा खेळवावी. म्हणजे ते पाणी हवेशी समतोल साधेल. मग त्याचा सामू आणि टाकीतल्या पाण्याचा सामू एकाच मीटरने मोजावा. माती परीक्षणाच्या अहवालामुळे सामू हा शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. इथे एवढेच लक्षात ठेवायचे की त्याच पाण्यात सामू एकाने घसरला तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दहा पट झालेला असतो. पेल्यातला सामू ८.६ आणि टाकीतला ८.० असेल, तर ०.६ च्या फरकाचा अर्थ टाकीत हवेच्या जवळजवळ चौपट, म्हणजे लिटरमागे सुमारे अडीच मिलिग्रॅम वायू आहे. ही मोजणी सकाळी दिवे लागण्याआधी एकदा आणि दुपारी एकदा करावी. दुपारी टाकीतला सामू पेल्यातल्या सामूच्याही वर गेला असेल, तर झाडांनी पाण्यातला वायू हवेच्या पातळीखाली खेचला आहे आणि कार्बनची खरी टंचाई आहे. दोन्ही वेळा टाकीतला सामू पेल्यापेक्षा बराच खाली राहत असेल, तर झाडे खुंटण्याचे कारण बहुधा दुसरीकडे शोधावे लागेल. सिलिंडर, रेग्युलेटर आणि डिफ्यूजर यांवर काही हजार रुपये खर्च करण्याआधी ही मोजणी केली पाहिजे.

आता बुलढाण्याच्या पाण्याकडे वळू. पाण्यातला कार्बन एकाच रूपात नसतो हे पाहण्यासाठी या जिल्ह्यातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. बसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर आणि त्यातले सरोवर आपल्याच जिल्ह्यात आहे. २०२० साली ते रामसर स्थळांच्या यादीत गेले. लोणारचे पाणी खारे आणि कमालीचे अल्कधर्मी म्हणून अभ्यासले गेले आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास नोंदवलेला आहे. या पाण्यात कार्बन भरपूर आहे, पण तो कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या रूपात. एवढ्या सामूला बायकार्बोनेटच्या काही हजार कणांमागे मुक्त कार्बन डायऑक्साइडचा जेमतेम एक कण उरतो. म्हणून गोड्या पाण्यातल्या नाजूक झाडांना हे पाणी मानवत नाही. बायकार्बोनेट वापरण्यात तरबेज असलेले स्पिरुलिनाच्या कुळातले नील-हरित जीवाणू मात्र त्यात फोफावतात आणि पाण्याला हिरवा रंग देतात. पाण्यात कार्बन किती आहे एवढे पाहून भागत नाही. तो कोणत्या रूपात आहे आणि समोरच्या जीवाला ते रूप वापरता येते का, हे पाहावे लागते.

घराच्या टाकीत हाच नियम सौम्य रूपात चालतो. बुलढाणा, चिखली, मेहकर या पठारी भागात विहिरी आणि बोअर बसाल्टमधून पाणी घेतात आणि अशा खडकातल्या भूजलात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे सर्रास असतात. भांड्यांवर आणि नळाच्या तोटीवर बसणारा पांढरा थर ही त्याचीच खूण. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला खारपाणपट्टा लागतो. तिथल्या भूजलात बायकार्बोनेटांबरोबर सोडियम आणि क्लोराइडचे क्षारही जास्त असतात. म्हणूनच इथे टीडीएस मीटरच्या आकड्यावरून निर्णय घेणे फसवे ठरते. टीडीएस मीटर सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो, त्यातले बायकार्बोनेट किती आणि मीठ किती हे सांगत नाही. त्यासाठी केएचची, म्हणजे कार्बोनेट कठिणतेची, थेंबांनी मोजायची चाचणी करावी लागते. अॅक्वेरियमच्या दुकानांत आणि ऑनलाइन ती मिळते, आणि साधारणपणे एक थेंब म्हणजे एक अंश असा तिचा हिशेब असतो. याउलट खारपाणपट्ट्यातली बरीच घरे पिण्यासाठी आरओचे किंवा जारचे पाणी वापरतात आणि टाकीतही तेच ओततात. आरओच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळपास उरलेले नसते. त्यामुळे अशा टाकीत सामूला आधार राहत नाही. गॅस सोडला किंवा नुसता कचरा साठला तरी तो भसकन कोसळू शकतो. दोन घरांत एकच टाकी, एकच झाडे आणि एकच दिवा असूनही उत्तर वेगळे येऊ शकते, कारण त्यांचे पाणी वेगळे आहे.

बायकार्बोनेटयुक्त पाण्याचा फायदा झाडांची निवड जुळली तरच मिळतो. हायड्रिला, वॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, एजेरिया या झाडांना बायकार्बोनेटमधला कार्बन वापरता येतो. हायड्रिलाने तर यात कमाल केली आहे: मुक्त कार्बन डायऑक्साइड कमी पडला की ते आपल्या पेशीतली प्रकाशसंश्लेषणाची पद्धतच बदलते आणि मका-उसासारख्या पिकांची सी-फोर रासायनिक वाट एकाच पेशीत चालवते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या जॉर्ज बोव्स यांच्या संशोधनामुळे हे झाड या कारणासाठी प्रसिद्ध झाले. बायकार्बोनेट वापरणारी झाडे कठीण पाण्यात वाढू लागली की पानांवर चुन्याचा पांढरट, खरखरीत थर बसतो. तो रोग नसून बायकार्बोनेट वापरले जात असल्याचा पुरावा आहे. पण हे कसब प्रत्येक झाडाला नसते. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका जागतिक अभ्यासात तपासलेल्या पाणवनस्पतींपैकी निम्म्याहून काहीशा कमी प्रजातींनाच बायकार्बोनेट वापरता येत असल्याचे दिसले, आणि पाणलोटातले पाणी जितके बायकार्बोनेटयुक्त तितक्या अशा प्रजाती तिथे जास्त, हेही दिसले. म्हणजे निसर्गाने आपल्यासारख्या पाण्यासाठी झाडे आधीच निवडून ठेवली आहेत. मॉस आणि कित्येक नाजूक शोभेची झाडे मात्र मुक्त कार्बन डायऑक्साइडवरच अवलंबून असतात. ती लावून मग ती वाढत नाहीत म्हणून पाण्याला दोष देणे योग्य नाही.

झाडांचे आणखी दोन गट सिलिंडरची गरज टाळतात. पहिला गट हवेतून थेट कार्बन घेणाऱ्यांचा. पिस्टिया, साल्विनिया, डकवीड यांसारखी तरंगणारी झाडे किंवा मुळे पाण्यात आणि पाने बाहेर ठेवलेला मनी प्लांट यांची पाने हवेत असल्याने त्यांना पाण्यातल्या टंचाईची झळ लागत नाही. ती पाण्यातले नायट्रेट आणि अमोनिया वेगाने उचलतात, प्रकाश थोडा अडवतात आणि शेवाळाला दाबात ठेवतात. दुसरा गट संथ वाढणाऱ्यांचा: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोराइन. यांची भूकच कमी. क्रिप्टोकोराइनच्या काही जाती तर सह्याद्रीच्या ओढ्याकाठी निसर्गतः आढळतात. या तीन गटांतून झाडे निवडली तर दोन फुटी टाकी दाट, हिरवी आणि डोळ्यांना सुख देणारी होऊ शकते, आणि तीही वायूच्या नळीशिवाय.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की कार्बन डायऑक्साइड सगळ्याच झाडांना मदत करतो, अगदी कमी प्रकाशातसुद्धा. मग तो का देऊ नये? आक्षेपामागचे विज्ञान खरे आहे. एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या मर्यादक घटकांच्या नियमानुसार वाढीचा वेग सगळ्यात तुटपुंज्या घटकाने ठरतो. पुढे डेन्मार्कमधल्या ओले पेडरसन आणि ट्रोल्स अँडरसन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रिक्सिया या वनस्पतीवरच्या प्रयोगांत दिसले की चित्र याहून थोडे समृद्ध आहे: प्रकाश तोच ठेवून वायू वाढवला तरी वाढ सुधारते, आणि दोन्ही वाढवले तर ती सर्वाधिक होते. कारण मुबलक कार्बन मिळाला की झाडाला तो गोळा करण्याच्या यंत्रणेवर कमी ऊर्जा खर्च करावी लागते आणि वाचलेल्या ऊर्जेतून ते कमी प्रकाशाचाही चांगला उपयोग करते. हे सारे मान्य करूनही ‘वाढ जास्त होते’ आणि ‘गरज आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. भाजीच्या वाफ्यात वाढ हेच उत्पन्न असते. दीड फुटी टाकीत दुप्पट वाढ म्हणजे दुप्पट छाटणी, दुप्पट खत, आणि नायट्रेट, पोटॅश, लोह यांतले काहीतरी संपण्याची दुप्पट घाई. टाकीचा हेतू निरोगी झाडे, सुखी मासे आणि स्वच्छ पाणी हा असेल, तर झाडाने हळू पण सलग वाढावे एवढे पुरते. तेवढ्यासाठी हवा, मासे, माती आणि बायकार्बोनेट मिळून लागणारा कार्बन देऊ शकतात.

दुसरा आक्षेप शेवाळाचा. पानांवर, काचेवर हिरवे-काळे शेवाळ धरले की ‘कार्बन कमी पडतोय’ असे निदान लगेच केले जाते. त्यातही तथ्याचा अंश आहे: प्रकाश भरपूर आणि कार्बन अपुरा असेल तर झाडे थबकतात आणि उरलेला प्रकाश शेवाळ वापरते. पण या वाक्यात दोन घटक आहेत आणि त्यांतला प्रकाश कमी करायला पैसा लागत नाही. आजचे स्वस्त एलईडी दिवे लहान, उथळ टाकीवर गरजेपेक्षा फार जास्त प्रकाश ओततात आणि ते दहा-बारा तास चालू ठेवले जातात. दिवा उंच टांगणे, त्याची तीव्रता घटवणे, टायमर लावून सहा ते आठ तासांवर आणणे, तरंगती झाडे वाढवणे, खिडकीतले थेट ऊन अडवणे या उपायांनी बहुतेक टाक्यांतले शेवाळ दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागते. दुपारी तीन-चार तास दिवा बंद ठेवून सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी चार तास लावण्याची पद्धतही उपयोगी आहे, कारण मधल्या अंधारात जीवाणू आणि मासे पाण्यातला वायू पुन्हा भरून काढतात. कार्बन वाढवून तीव्र प्रकाशाची बरोबरी करण्यापेक्षा, आहे त्या कार्बनला झेपेल एवढाच प्रकाश देणे हा टिकणारा उपाय आहे. एअर पंपाबाबतचा धाकही असाच अर्धवट समजुतीचा. गॅस सोडलेल्या टाकीत हवेचे बुडबुडे तो वायू उडवून लावतात हे खरे. पण बिनगॅसच्या टाकीत झाडांनी पाण्यातला वायू हवेच्या पातळीखाली नेला असेल, तर तेच बुडबुडे हवेतला कार्बन पाण्यात आणतात.

तिसरा आक्षेप खर्चाचा: टाकी लहान, म्हणजे वायू थोडाच लागणार, मग हरकत काय? हिशेब करून पाहू. ४५ × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत सुमारे ४० लिटर पाणी मावते. तिची पातळी लिटरमागे २० मिलिग्रॅमने वाढवायला अवघा ०.८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पुरतो. वायुरूपात तो अर्ध्या लिटरहूनही कमी भरतो. वायू बराच उडून जातो हे धरले तरी लागणारे प्रमाण किरकोळच राहते. पण हाच हिशेब धोकाही दाखवतो. एवढ्याशा वायूने हवी ती पातळी गाठली जाते, तर नीडल व्हॉल्व्ह किंचित सैल राहिला तरी काही तासांत ती माशांना झेपणार नाही इतकी चढू शकते. पाण्यात हा वायू वाढला की माशाला रक्तातून तो बाहेर टाकणे जड जाते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घसरते. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात आणि कोळंबी त्याआधीच निपचित होते. एकेरी टप्प्याच्या स्वस्त रेग्युलेटरमध्ये सिलिंडर संपत आला की बाहेर पडणारा दाब वाढतो, आणि मोठ्या टाकीत पचून जाणारी ही चूक लहान टाकीत जीवघेणी ठरते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत टाकी जितकी लहान, तितकी चुकीला जागा कमी.

बुलढाण्याच्या उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. मे महिन्यात घाटाखालच्या मलकापूर, शेगाव, खामगाव भागात घरातल्या टाकीचे पाणी तीस अंशांच्या वर जाणे ही नेहमीची बाब आहे. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना तो ७ वर येतो. आणि त्याच वेळी माशांची, जीवाणूंची आणि झाडांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. अशात रात्री भारनियमनामुळे किंवा बिघाडामुळे वीज गेली, तर फिल्टर आणि एअर पंप थांबतात, पाणी ढवळले जात नाही आणि दिवसभर सोडलेला वायू पाण्यातच राहतो. सिलिंडरबाबतही सावध राहिले पाहिजे. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहू शकत नाही. त्यापुढे काठोकाठ भरलेल्या सिलिंडरातला दाब तापमानाबरोबर झपाट्याने चढतो. बंद खोलीचा विचार तर आवर्जून करावा. दोन किलोच्या सिलिंडरातला सगळा वायू सुटला तर तो अकराशे लिटरच्या आसपास भरतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत हवेतले त्याचे प्रमाण चार टक्क्यांजवळ जाते आणि ही पातळी माणसाच्या जिवाला धोकादायक मानली जाते. उन्हाळ्यात इथल्या टाकीची पहिली गरज थंडाव्याची आणि हवेची आहे. पृष्ठभागावर लहान पंखा, झाकण थोडे उघडे, खाद्य कमी, आणि बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी क्षार साचू नयेत म्हणून थोडे आरओचे पाणी, एवढी काळजी सिलिंडरपेक्षा जास्त झाडे आणि मासे वाचवते.

स्वस्त पर्यायांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. साखर आणि यीस्टची बाटली सगळ्यात सोपी वाटते; शंभर ग्रॅम साखरेपासून तत्त्वतः पन्नास ग्रॅमच्या आसपास वायू मिळू शकतो. पण आंबणे तापमानावर चालते, त्यामुळे उन्हाळ्यात वायूचा लोंढा येतो आणि हिवाळ्यात तो रोडावतो. रात्री ते बंद करता येत नाही, आणि बाटली ओसंडली तर साखरेचे मद्ययुक्त पाणी टाकीत उतरते. सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याच्या संचावर थोडे नियंत्रण राहते, तरी दाब आणि गळतीचा प्रश्न उरतोच. खाण्याचा सोडा थेट टाकीत टाकणे तर टाळावेच. प्रयोगशाळेत तासाभरासाठी तो ठीक. टाकीत तो सोडियम आणि सामू वाढवत जातो, आणि आपल्या पाण्यात बायकार्बोनेट बहुधा आधीच पुरेसे असते. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून बाटलीत मिळणाऱ्या बहुतेक द्रवांत ग्लुटारअल्डिहाइड असते. हे रुग्णालयात उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे रसायन आहे. ते काही शेवाळ मारते म्हणून टाकी सुधारल्यासारखी दिसते, पण ते वायूची जागा घेत नाही, वॅलिसनेरियासारख्या झाडांना अपाय करते आणि हाताळताना त्वचा आणि डोळ्यांना इजा करू शकते.

मग सिलिंडर कोणासाठी? तळभर गालिच्यासारखी पसरणारी बारीक झाडे, गडद लाल पानांच्या जाती, मॉसच्या दाट भिंती आणि त्यासाठी लागणारा तीव्र प्रकाश हेच ज्याचे ध्येय आहे, त्याच्यासाठी. तिथे कार्बन हा खरोखरच अडवणारा घटक असतो आणि त्याला पर्याय नाही. अशा माणसाने तो अर्धवट मनाने घेऊ नये. दुहेरी टप्प्याचा रेग्युलेटर, वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दिव्याच्या तासाभर आधी सुरू आणि दिव्यासोबत बंद होणारा टायमर, नियमानुसार दाबचाचणी झालेला आणि उन्हापासून दूर बांधून ठेवलेला सिलिंडर, आणि रात्री एअर पंप, हे किमान आहे. पाण्यातले प्रमाण बुडबुडे मोजून कळत नाही. ४ अंश केएचचे द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू भरलेला ड्रॉप चेकर टाकीत लावावा. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, म्हणून वायू हळूहळू, काही दिवसांत वाढवावा आणि नजर माशांवर ठेवावी. कठीण पाण्याला जास्त गॅस लागतो हा समजही सोडून द्यावा. केएच १२ असो वा ४, तीस मिलिग्रॅमची पातळी गाठायला लागणारा वायू जवळपास सारखाच. फरक एवढाच की पहिल्या पाण्यात सामू ७.१ च्या आसपास थांबतो आणि दुसऱ्यात ६.६ च्या. टाकी शक्य तितकी मोठी घ्यावी, कारण पाण्याचा मोठा साठा चुका सावकाश होऊ देतो.

बाकी सर्वांनी क्रमाने जावे. आधी केएच आणि सामूच्या दोन चाचण्या. मग पाण्याला शोभतील अशी झाडे: कठीण पाणी असेल तर वॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, हायड्रिला, सोबत तरंगणारी आणि संथ वाढणारी. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर मातीचा थर, पण युरिया किंवा ताजे शेणखत घातलेली शेतातली माती नको, कारण तिच्यातून सुटणारा अमोनिया माशांना मारतो. त्यावर धुतलेली वाळू. दिवा माफक आणि टायमरवर. मासे मोजके. एवढे करून दोन-तीन महिने थांबावे. त्यानंतरही झाडे खुंटलेली असतील आणि दुपारच्या मोजणीत सामू हवेशी समतोल साधलेल्या पाण्याच्या वर जात असेल, तरच सिलिंडरचा विचार करावा. छाटलेली झाडे विहिरीत, ओढ्यात, धरणात किंवा लोणारसारख्या नाजूक जागी कधीही टाकू नयेत. आपल्याकडेही आढळणारे हायड्रिला १९५० च्या दशकात अॅक्वेरियमच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचले आणि तिथल्या जलाशयांसाठी मोठे संकट बनले. छाटलेली झाडे उन्हात वाळवून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावीत. घरातल्या लहान टाकीतल्या झाडांना लागणारा कार्बन बहुतेक वेळा पाणी, माती, मासे आणि हवा यांतून मिळतो. तो मिळतो की नाही हे आधी मोजा, आणि मोजल्याशिवाय सिलिंडर विकत घेऊ नका.